एकाच चिठ्ठीवर साखर आणि खोकला

मधुमेहाचा रुग्ण अचानक वाळायला लागला की घरचे म्हणतात, "शुगर वाढली असन." शेजारी म्हणतो, गोड सोडलं नाही म्हणून. दवाखान्यात गोळीचा डोस वाढतो. महिन्याभराने वजन आणखी दोन किलो उतरलेले असते आणि साखर होती तिथेच असते. खोकला किती दिवसांपासून आहे, हे या सगळ्यात कोणी विचारत नाही. विचारलेच तर बिडीचा खोकला म्हणून विषय संपतो. खरे तर अशा रुग्णाच्या फुफ्फुसात क्षयरोग मुरत असू शकतो. वजन त्यामुळेच घटत असते आणि साखर ताब्यात न येण्याचे कारणही तोच असतो.

मधुमेह असलेल्याला टीबी होण्याची शक्यता इतरांच्या दोन ते तीन पट असते. रक्तातली साखर कायम चढलेली राहिली की शरीराच्या संरक्षक पेशी मंदावतात आणि वर्षानुवर्षे दबून बसलेला जंतू डोके वर काढतो. उलट दिशेनेही हेच घडते. टीबीचा ताप आणि संसर्गाचा ताण साखर वाढवतो, टीबीची औषधे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी करतात. दोन्ही आजार एकत्र असले की थुंकीतले जंतू उशिरा नाहीसे होतात, कोर्स पूर्ण झाल्यावर टीबी उलटण्याचे प्रमाण वाढते आणि मृत्यूचा धोकाही वाढतो.

२०१२ मध्ये देशातली आठ मोठी रुग्णालये आणि आठ टीबी युनिटमधली साठहून अधिक आरोग्य केंद्रे यांनी मिळून टीबीच्या आठ हजारांवर रुग्णांची साखर तपासली. जवळपास १३ टक्के रुग्णांना मधुमेह निघाला. त्यांतल्या दर तिघांमागे एकाहून अधिक जणांना तोपर्यंत त्याची कल्पनाच नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही आजारांची सांगड घालणारा आराखडा दिला होता. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपला आराखडा काढला: टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला टीबीची लक्षणे विचारायची. कागदावर हे सगळे झालेले आहे. भंडारा जिल्ह्यात पवनी, लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राच्या टेबलावर ते रोज कसे घडवायचे, हा खरा प्रश्न आहे.

भंडारा जिल्ह्याने यासारखे एक काम आधीच करून दाखवले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात चार जिल्हे निवडले गेले: सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा. केंद्र व राज्य सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या या उपक्रमाचे सूत्र साधे होते. सगळ्या केंद्रांत औषधोपचाराची एकच ठरलेली पायरी, औषधांचा पुरेसा साठा, डॉक्टरांच्या कामातला काही भाग परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे, गोळ्या घराजवळच्या केंद्रात, आणि कोण आले नाही हे दाखवणारी नोंद. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिगटाचा पुरस्कार मिळाला. रक्तदाबाचा रुग्ण दर महिन्याला आला की नाही, हे पाहण्याची सवय ज्या जिल्ह्याला लागली, त्याला टीबी आणि मधुमेहासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. त्याच सवयीत दोन कृती जोडायच्या आहेत: एकीकडे बोटाला सुई आणि दुसरीकडे चार प्रश्न.

सुईपासून सुरुवात करू.

टीबीचे निदान झाले त्याच दिवशी, औषधाचे पहिले पाकीट हातात देण्याआधी, ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. "पुढच्या वेळी करू" म्हटले की ती तपासणी राहते, कारण पुढच्या वेळी रुग्णाला बरे वाटायला लागलेले असते आणि त्याला शेतावर जायची घाई असते. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. नुकताच गूळ किंवा केळे खाल्लेल्या बोटावरचा चिकटपणाही यंत्रावर आकडा फुगवतो, म्हणून ही पायरी गाळू नये. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घेतलेला चांगला. बोटाच्या मधोमध टोचण्यापेक्षा कडेला टोचले तर दुखते कमी आणि धान कापणाऱ्या हाताला त्रास होत नाही. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खोटे आकडे देते.

जेवणाशी संबंध न ठेवता केलेल्या या तपासणीत साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर उपाशीपोटीची तपासणी करावी. आठ तास काहीही न खाता केलेल्या तपासणीत १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेहाचा आकडा आहे. पहिल्याच तपासणीत २०० च्या वर गेली तरी उपाशीपोटी खात्री करून घ्यावी, कारण वजन घटणे आणि थकवा ही दोन्ही आजारांची लक्षणे आहेत आणि केवळ लक्षणांवरून फरक कळत नाही. मात्र आकडा फार चढलेला असेल, तोंडाला कोरड, उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर खात्री करत बसू नये. रुग्णाला त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

उपाशीपोटीची तपासणी हाच सगळ्यात मोठा अडथळा ठरतो. सकाळची एसटी पकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत दहा वाजतात, चिठ्ठी काढून नंबर लागेपर्यंत अकरा. अशक्त झालेल्या टीबीच्या रुग्णाला तोवर उपाशी ठेवणे बरोबर नाही आणि तो राहतही नाही, वाटेत चहा होतोच. यावर सोपा उपाय म्हणजे उपाशीपोटीची तपासणी गावातच करणे. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे ग्लुकोमीटर असतो. आशाताईने आदल्या संध्याकाळी निरोप द्यावा आणि सकाळी सातला तपासणी व्हावी. आकडा टीबीच्या उपचार कार्डावर लिहावा आणि निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर मधुमेहाच्या रकान्यात भरावा. तो रकाना रिकामा ठेवू नये.

संसर्गाच्या ताणामुळे पहिल्या आठवड्यांत साखर तात्पुरती वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे काठावरचा आकडा आलेल्या रुग्णावर लगेच आयुष्यभराच्या मधुमेहाचा शिक्का मारू नये आणि त्याला मोकळेही सोडू नये. दोन-तीन महिन्यांनी, आणि कोर्स संपताना पुन्हा एकदा, त्याची साखर पाहावी. आकडा स्पष्ट मधुमेहाचा असेल, तर तो तात्पुरता आहे की कायमचा हा वाद बाजूला ठेवून उपचार लगेच सुरू करावेत. टीबी बरा व्हायला साखर ताब्यात असणे गरजेचे आहे.

पूर्व विदर्भात एक गोष्ट मात्र फार जपून करावी लागते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए-वन-सी, शहरात आता सर्रास होते. उपाशी राहावे लागत नाही म्हणून ती सोयीची वाटते. परंतु भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. ही तपासणी लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली हे मोजते. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा चांगला दिसतो. सिकलसेलचा वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसातही यंत्राच्या पद्धतीनुसार हा आकडा चुकू शकतो. लोहाची कमतरता असेल तर तो उलट वर सरकतो. नागपूरहून "सहाच्या आत" असा अहवाल घेऊन आलेल्या रुग्णाला, त्याचे सिकलसेल कार्ड न पाहता, मधुमेह नाही असे सांगणे धोक्याचे आहे. भंडाऱ्यातल्या दवाखान्यांनी उपाशीपोटीच्या साखरेवरच भर द्यावा, आणि टीबीच्या नोंदणीच्या वेळी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. पुण्या-मुंबईसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात हा इशारा सापडेलच असे नाही, म्हणून तो इथे ठळकपणे सांगायला हवा.

आता दुसरी बाजू, चार प्रश्नांची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरले का? रात्री घाम येतो का? मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्या देताना, दर भेटीत, हे विचारायला एक मिनिटही लागत नाही. पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. "खोकला आहे का?" म्हटले की जन्मभर बिडी ओढलेला माणूस "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी तो खोकला नसतोच. "काकाजी, सकाळी उठल्यावर बेडका पडतो का? आधीपेक्षा जास्त? लुंगी, पॅन्ट सैल झाली का?" असे विचारले तर उत्तर मिळते. भंडारा हा विडी वळणाऱ्यांचा जुना जिल्हा आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर गावोगाव चघळला जातो. तंबाखूच्या आड लपलेला खोकला इथे खणून काढावा लागतो. तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजरुक इथल्या मँगनीजच्या खाणींत धुळीत काम केलेल्या माणसांबाबत तर आणखी जास्त.

वजनकाटा या कामात फार उपयोगी आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मधुमेहाच्या कार्डावर दर महिन्याला वजन लिहिले, तर कोणत्याही प्रश्नाशिवाय घसरण दिसते. आहारात बदल नाही, गोळ्या नियमित आहेत, तरी वजन उतरते आहे किंवा इतके दिवस बरी असलेली साखर कारण नसताना बिघडली आहे, अशा रुग्णाची थुंकी तपासायलाच हवी. थुंकीचा नमुना ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर जावा. जंतू आहे की नाही यासोबत रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हेही त्यात कळते. जोडीला छातीचा एक्स-रे काढावा. टीबी सहसा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, मधुमेहींमध्ये मात्र तो खालच्या भागातही आढळतो आणि न्यूमोनिया समजून सोडून दिला जातो. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत मधुमेहींची गणना जोखमीच्या गटात झाली आणि लक्षणे नसली तरी अशा गटांचे एक्स-रे काढण्यावर भर दिला गेला. गावात हाताने उचलता येणारे एक्स-रे यंत्र येणार असेल, तर मधुमेहाच्या नोंदवहीतली नावे आधी काढून ठेवावीत. यंत्र आल्यावर यादी शोधत बसले की दिवस जातो.

आशाताईंच्या हातात दोन्ही आजारांना जोडणारा एक कागद आधीपासूनच आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी त्या भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये तंबाखू, कंबरेचा घेर, घरातला मधुमेह यांचे गुण मांडले जातात, आणि त्याच फॉर्ममध्ये दोन आठवड्यांचा खोकला, थुंकीतून रक्त, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, घरात कोणाला टीबी आहे का, हेही विचारलेले असते. अडचण फॉर्म भरल्यानंतर येते. गुणांची बेरीज एका कार्यक्रमाकडे जाते आणि खोकल्याची खूण तिथेच राहते. त्यामुळे उपकेंद्राच्या मासिक बैठकीत भरलेले फॉर्म पुन्हा उघडून पाहावेत आणि जिथे खोकल्यापुढे "हो" आहे, त्या प्रत्येक नावापुढे थुंकीच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का, एवढे बघावे.

दोन्ही सेवा जोडायच्या म्हणजे दोन्ही रुग्णांना एकाच बाकावर बसवायचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. ज्यांना टीबी सहज होऊ शकतो असे मधुमेही आणि ज्यांच्या खोकल्यातून जंतू बाहेर पडत आहेत असे रुग्ण बंद खोलीत तासभर शेजारी बसले, तर दवाखानाच आजार वाटत बसेल. नोंदी, गोळ्या, सल्ला आणि कर्मचारी एकत्र आणावेत. बसण्याची जागा वेगळीच असावी. खोकणाऱ्याला चिठ्ठी काढतानाच ओळखून मास्क द्यावा, व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसवावे आणि त्याचा नंबर आधी लावावा. थुंकीचा नमुना खोलीत घेऊ नये, मोकळ्या जागेत घ्यावा. मधुमेहाच्या ओपीडीच्या खिडक्या थंडीतही उघड्या राहाव्यात. टीबीच्या रुग्णाची साखर बघायला त्याला गर्दीच्या खोलीत पाठवू नये. ग्लुकोमीटर त्याच्या टेबलावर आणावा.

औषधांकडे वळले की काही गोष्टी डॉक्टरांनी पाहायच्या असतात, आणि काही रुग्णाच्या घरच्यांनाही ठाऊक असायला हव्यात. रिफाम्पिसिन यकृताला जास्त वेगाने काम करायला लावते. परिणामी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात आणि आधी पुरणारा डोस पुरेनासा होतो. मेटफॉर्मिनवर हा परिणाम फारसा होत नाही. मूत्रपिंड आणि यकृत ठीक असेल तर बहुतेक रुग्णांसाठी म्हणूनच ते सोयीचे पडते. साखर फारच जास्त असेल किंवा रुग्ण खंगलेला असेल, तर काही काळ इन्सुलिन लागते. त्याला घाबरू नये, ते बऱ्याचदा नंतर थांबवता येते. टीबीच्या कोर्समधल्या आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात, मधुमेहामुळेही येतात, म्हणून अशा रुग्णाला पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सहा जीवनसत्त्व, दिले जाते. इथॅम्ब्युटॉल नजरेवर परिणाम करू शकते आणि मधुमेहाने डोळ्यांचा पडदा आधीच बिघडलेला असू शकतो. सुरुवातीलाच डोळे तपासून घ्यावेत. पुढे लाल-हिरवा रंग ओळखता येईना किंवा अक्षर पुसट दिसायला लागले, तर तारखेची वाट पाहू नये.

पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त गोंधळ मळमळीमुळे होतो. टीबीच्या गोळ्यांनी मळमळते, मेटफॉर्मिननेही मळमळते. कोणत्या गोळीने त्रास झाला हे रुग्णाला कळत नाही आणि तो दोन्ही बंद करतो. मेटफॉर्मिन पोटभर जेवणानंतर, टीबीच्या गोळ्या ठरलेल्या वेळी, आणि त्रास झाला तर आधी फोन, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर कोर्स तुटत नाही. लघवी केशरी होणे हे रिफाम्पिसिनचे नेहमीचे लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण डोळे पिवळे होणे आणि सतत उलट्या होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मोहाची दारू या काळात दुहेरी घात करते. यकृतावर टीबीच्या औषधांचा भार असतोच, आणि न जेवता दारू पिऊन मधुमेहाची गोळी घेतली तर साखर झपाट्याने खाली जाते. घाम, थरथर, बडबड हे दारू चढल्याचे लक्षण समजून घरचे त्याला झोपवून देतात. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब साखरपाणी द्यावे आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

जेवणाबाबत तर एकाच माणसाला दोन टेबलांवरून दोन उलटे सल्ले मिळतात. टीबीवाले सांगतात, भरपूर खा, वजन वाढव. शुगरवाले सांगतात, भात बंद कर, कमी खा. तीन वेळ भात खाणाऱ्या भंडाऱ्यात "भात बंद" हा सल्ला पाळला जात नाही, आणि खंगलेल्या माणसाने तो पाळला तर त्याचे वजन आणखी उतरते. दोन्ही टेबलांनी मिळून एकच गोष्ट सांगावी: उष्मांक कमी करू नका, ताटातली मांडणी बदला. भाताचा डोंगर अर्धा करून त्या जागी दाट वरण, उसळ, अंडी, दही, शेंगदाणे आणि हिरवी भाजी यावी. तलावांच्या या जिल्ह्यात मासळी हे जवळचे आणि चांगले प्रथिन आहे. तळण्यापेक्षा रस्सा बरा. शिंगाडा उपवासाचा म्हणून हलका मानला जातो, पण त्यात पिष्ट भरपूर असते, तो भाताच्या हिशेबातच धरावा. अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजची पावडर पाजणे, डब्यातली गोड 'ताकदीची' पावडर दुधात घालणे, गूळपाणी देणे हे थांबवायला हवे. गावात "सलाईन लावून घ्या" हा सल्ला तर फारच सहज दिला जातो. ती ग्लुकोजची बाटली असेल तर आधीच चढलेल्या साखरेत भर पडते.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. निक्षय मित्रांकडून अन्नाची टोपलीही मिळते. ती टोपली देणाऱ्या दात्याला रुग्णाला मधुमेह आहे हे (त्याच्या संमतीने) कळवले, तर साखर-बिस्किटांऐवजी डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी येऊ शकतात. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. शिधा एकट्या रुग्णापुरता मोजू नये, असा त्याचा अर्थ आहे.

घरच्यांच्या तपासणीतही दोन्ही आजार एकत्र घेता येतात. टीबीचा रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांची टीबीसाठी तपासणी होते आणि ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध दिले जाते. त्याच भेटीत तिशीच्या पुढच्यांची साखर बघून घ्यावी. घरातल्या आजीला मधुमेह असेल आणि तिच्या नातवाला टीबी निघाला, तर सगळ्यात जास्त धोका तिला असतो, आणि "माझं काय आता वय झालं" म्हणून तीच तपासणीला नकार देते. तिला समजावण्यासाठी दुसरी फेरी मारावी लागली तर ती मारावी. आठवड्याला एकदा घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांतले रिफापेंटिनही रिफाम्पिसिनच्याच कुळातले आहे, म्हणून तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवावे.

पायांची तपासणी या सगळ्यात विसरली जाते. आषाढ-श्रावणात रोवणीला सारा जिल्हा चिखलात उतरतो. आठ-आठ तास पाय पाण्यात असतात, बोटांच्या बेचक्या कुजतात, काटा रुतला तरी बधिर पायाला कळत नाही. मधुमेह आणि आयसोनियाझिड दोन्ही मुंग्या आणणारे असल्याने या रुग्णांना धोका दुहेरी असतो. रोवणीच्या दिवसांत औषध देताना चप्पल काढायला लावून तळवे आणि बेचक्या पाहाव्यात. घरी रात्री पाय धुऊन, कोरडे करून, दिव्याखाली दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगावे. याच दिवसांत रुग्ण ओपीडीला येत नाहीत, मजुरी बुडते म्हणून. औषधे जूनमध्येच जास्त दिवसांची द्यावीत किंवा संध्याकाळी नेता यावीत म्हणून आशाताईंकडे ठेवावीत, म्हणजे रोवणी आणि कोर्स दोन्ही चालू राहतात. धान कापून कामाला बाहेरगावी जाणाऱ्यांचीही आधीच विचारपूस करावी. निक्षयवरून टीबीचा उपचार दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो, पण मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी रुग्णाच्या हातात असावी लागते.

भंडारा, तुमसर, साकोलीतल्या खासगी डॉक्टरांवाचून हे काम अर्धेच राहील. मधुमेहाचे कितीतरी रुग्ण त्यांच्याकडेच जातात. खोकल्यासाठी पुन्हा पुन्हा लिव्होफ्लॉक्सासिन देणे त्यांनी टाळावे. ते टीबीच्या जंतूलाही काही दिवस दाबते, रुग्णाला बरे वाटते आणि निदान महिने पुढे जाते, शिवाय साखरही खालीवर होते. स्टेरॉईडने दम्याला आराम पडतो, साखर मात्र चढते आणि टीबीला मोकळे रान मिळते. ७ मे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाला देणे बंधनकारक आहे. नोंद झालेल्या खासगी रुग्णालाही पोषण योजनेचे पैसे आणि सरकारी तपासण्या मिळतात, त्यासाठी त्याला आपला डॉक्टर सोडावा लागत नाही. रुग्णांना आणि नातेवाइकांना शंका असेल तर निक्षय संपर्कचा १८००-११-६६६६ हा नि:शुल्क क्रमांक आहे.

तालुका पातळीवर महिन्यातून एकदा टीबीचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आणि असंसर्गजन्य आजारांचे काम पाहणारे कर्मचारी समोरासमोर बसून दोन नोंदवह्या जुळवतील, एवढी शिस्त पुरेशी आहे. टीबीच्या वहीत मधुमेहाचा रकाना रिकामा किती? मधुमेहाच्या वहीत या महिन्यात खोकल्याचे प्रश्न विचारलेच नाहीत असे किती? दोन्ही वह्यांत असलेली नावे कोणती, आणि त्यांच्यापैकी कोण या महिन्यात आले नाही? जोडीला पट्ट्यांचा हिशेब. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मागणी मधुमेहाच्या आकड्यांवरून केली जाते आणि टीबीच्या रुग्णांसाठी वापरलेल्या पट्ट्या कुठेच धरल्या जात नाहीत, मग महिनाअखेर पट्ट्या संपतात आणि सर्वांत आधी टीबीच्या रुग्णाची तपासणी रद्द होते. मागणीपत्रात त्यांच्या पट्ट्या वेगळ्या मोजाव्यात: नोंदणीला एक, उपाशीपोटी एक, मधुमेह निघाला तर पुढच्या प्रत्येक महिन्याला किमान एक-दोन.

कोर्स संपला की टीबीचे कार्ड बंद होते, आणि नेमके तिथेच एक धोका असतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर यकृताचा वाढलेला वेग साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. वाढवून दिलेली ग्लिमेपिराइड आता जास्त होऊ शकते आणि पहाटे साखर खाली जाण्याचा धोका वाढतो. शेवटच्या पाकिटाबरोबरच पुढच्या साखर तपासणीची तारीख द्यावी, डोस डॉक्टरांनी नव्याने ठरवावा आणि इन्सुलिन घेणाऱ्याला ते कमी करता येते का, हे पाहावे. टीबी उलटतो आहे का, हे बघण्यासाठी बरे झालेल्या रुग्णाची ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी करायची असते. त्या चार तारखा मधुमेहाच्या कार्डावर लिहिल्या, तर त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागत नाही, कारण गोळ्या घ्यायला तो माणूस दर महिन्याला येणारच असतो.